समोरच्या गच्चीवरचा टॉवर

२०१८ च्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर लोखंड आपटल्याचे आवाज सुरू झाले, तेव्हा पाण्याच्या टाकीची दुरुस्ती चालली असेल असे समजून मी खिडकी लावून घेतली. संध्याकाळी पडदा सारला तर कठड्यापासून थोडे आत तीन खांब उभे होते, आणि आमच्या बाजूच्या खांबावर पुरुषभर उंचीच्या, चपट्या, करड्या रंगाच्या दोन पेट्या थेट आमच्या निजायच्या खोलीकडे तोंड करून बसवलेल्या होत्या. समोरची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची आणि आमचे घर पाचव्या मजल्यावर, म्हणजे त्यांची गच्ची आमच्या खोलीच्या फरशीच्या पातळीला येते. बिछान्यावर उठून बसले की त्या दोन पेट्या डोळ्यांसमोर येत.

त्या पेट्या म्हणजे मोबाइल टॉवरचे अँटेना होते. त्यानंतरचे अकरा महिने मी या टॉवरच्या मागे होतो. टॉवर निवासी वस्तीत असूच नये असे माझे म्हणणे नव्हते आणि आजही नाही. आमच्या गल्लीत फोन लागत नसे, ही तक्रार मी स्वतः अनेकदा केली होती आणि समोरच्या सोसायटीच्या सचिवांनी तिची मला पहिल्याच भेटीत आठवण करून दिली. ते सेवानिवृत्त शिक्षक, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी खुर्चीवर बसण्याच्या आतच ते म्हणाले, ‘‘अहो, रेंज नाही म्हणून तुम्हीच रस्त्यावर उभे राहून बोलायचात ना? आणि आमचा स्लॅब गळतोय, वॉटरप्रूफिंगला फंडात दमडी नाही. महिन्याला बावीस हजार भाडं येणार आहे. सोळा घरांच्या सोसायटीला ते केवढं आहे, सांगा बरं!’’ त्यांचे बोलणे मला पटले. त्यांच्या जागी मी असतो तर करारावर कदाचित मीही सही केली असती. माझा प्रश्न एवढाच होता, की त्या पेट्यांचे तोंड ज्या घराकडे आहे त्या घराला कोणी एका शब्दाने तरी विचारले का, आणि विचारायला हवे असे कोणत्याही नियमात लिहिले आहे का.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीची बैठक भरली तेव्हा वातावरण तापलेले होते. एकाने सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करण्याचा आदेश दिल्याची बातमी वाचून दाखवली आणि आपणही सरळ न्यायालयात जावे असे सुचवले. दुसऱ्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये अशा टॉवरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात घातल्याचे सांगितले. ते खरेच आहे, पण ‘२ब’ याचा अर्थ कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही आणि पुरावाही मर्यादित आहे, एवढाच होतो. ‘टॉवरमुळे कर्करोग होतो’ असे त्या वर्गीकरणात म्हटलेले नाही. मी बैठकीत आग्रह धरला की आरोग्याचे भय अर्जात लिहायचे नाही, कारण ते आपल्याला सिद्ध करता येणार नाही आणि त्या एका वाक्यावरून अख्खा अर्ज बाजूला ठेवला जाईल. मोजता येईल ते मोजून घ्यायचे आणि कागदावर काय आहे ते पाहायचे, असे ठरले.

मोजण्याची सोय सरकारने केलेली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. दूरसंचार विभागाने मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर नकाशात आपला परिसर उघडला की आसपासचे टॉवर दिसतात, त्यांवर कोणत्या कंपन्यांची यंत्रे आहेत आणि ते उत्सर्जनाच्या मर्यादेत आहेत का, हेही कळते. चार हजार रुपये शुल्क भरले तर विभागाचे अधिकारी आपण सांगू त्या जागी येऊन प्रत्यक्ष मोजणी करतात. शुल्क माझ्या एकट्याच्या खिशाला जड होते म्हणून वरच्या मजल्यावरच्या आम्ही चौघांनी ते वाटून घेतले.

मोजणीच्या दिवशी दोन अधिकारी आणि कंपनीचा एक तरुण अभियंता असे तिघे आले. त्यांनी खिडकीशी लाकडी तिपाई उभी केली, तिच्यावर एक छोटा अँटेना बसवला आणि यंत्र सहा मिनिटांची सरासरी घेत असताना सगळ्यांना खोलीबाहेर थांबायला सांगितले. दाराच्या फटीतून तिपाई आणि तिच्या मागे त्या करड्या पेट्या अशा एका रेषेत दिसत होत्या. वाट पाहताना अधिकाऱ्यांनी मला मर्यादेचे गणित समजावून सांगितले. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली होती. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या पट्ट्याला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट आणि २००० च्या वर १ वॅट. एकाच खांबावरून वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या लहरी जात असल्याने प्रत्येक पट्टा आपल्या मर्यादेचा कितवा हिस्सा व्यापतो ते काढायचे आणि ते सगळे हिस्से मिळवायचे. बेरीज एकच्या आत असली की टॉवर नियमात बसतो.

आमच्या खिडकीतली बेरीज ०.३८ आली.

मी त्यांना एक विनंती केली, जी त्यांच्या कामात बसत नव्हती पण त्यांनी मान्य केली. समोरच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर, बरोबर त्या खांबाखाली, एक आजी एकट्या राहत. टॉवर उभा राहिल्यापासून भीतीने त्यांनी आपली गादी आतल्या खोलीतून बैठकीच्या खोलीत आणली होती आणि सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालणेही सोडले होते. सचिवांची परवानगी घेऊन आम्ही सगळे तिकडे गेलो, जुन्या खोलीत तिपाई लावली आणि तिथली बेरीज ०.०३ भरली. म्हणजे ज्या घराच्या डोक्यावर टॉवर आहे त्या घरात, समोरच्या माझ्या घराच्या बारा-तेरा पटींनी कमी. कंपनीच्या अभियंत्याला यात काहीच नवल वाटले नाही. त्याने हाताच्या तळव्याने दाखवले, की अशा पेटीतून लहरी टॉर्चच्या झोतासारख्या समोर फेकल्या जातात. आडव्या दिशेत झोत सुमारे ६५ अंश रुंद असतो, पण उभ्या दिशेत जेमतेम सात अंशांचा, म्हणून पायाखाली जवळजवळ काहीच पोहोचत नाही. आजींनी त्याला दोनदा विचारले, ‘‘म्हणजे मी परत आत झोपू ना रे, बाळा?’’ त्याच रात्री त्यांची गादी आतल्या खोलीत गेली.

मी मात्र त्या दिवसापासून नियमाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. महाराष्ट्राच्या नगरविकास विभागाने प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली २०१४ मध्ये मोबाइल टॉवरसाठी जी नियमावली लागू केली, तिच्यात इमारतीवर टॉवर बसवायचा तर सोसायटीच्या ना-हरकतीची किंवा एकूण कायदेशीर रहिवाशांपैकी ७० टक्क्यांच्या संमतीची अट होती, आणि त्याखेरीज टॉवरच्या थेट खाली, सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाची स्वतंत्र संमती लागत असे. या अटीमागचा हेतू चांगलाच आहे. खांब, वजन, गळती, जनरेटरचा आवाज आणि थरथर हे सारे वरच्या मजल्याला सोसावे लागते. पण लहरींचा विचार केला तर सर्वांत जास्त वाटा त्याच उंचीवरच्या समोरच्या घराला येतो, आणि त्या घराची सही नियमाने कुठेच मागितलेली नव्हती. दूरसंचार विभागाने २०१३ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत समोरच्या इमारतीचा विचार आहे. अँटेनांच्या सर्वांत खालच्या पातळीला येईल अशी इमारत थेट समोर किती अंतराच्या आत नसावी, याचा तक्ता त्यांत दिला आहे: दोन अँटेना असतील तर ३५ मीटर, चार असतील तर ४५, सहा असतील तर ५५. बांधकाम व्यवसायातल्या एका मित्राकडून लेझर मोजयंत्र आणून मी आमच्या खिडकीपासून त्या पेट्यांपर्यंतचे अंतर मोजले. ते २३ मीटर भरले.

मोजणीचा अहवाल ‘मर्यादेत’ असा आल्यामुळे तो मार्ग तिथेच संपला, आणि ते बरोबरच होते, ०.३८ म्हणजे मर्यादेच्या बरेच आत. पण अंतराचा तक्ता आणि संमतीची अट यांचे पालन झाले का, हे पाहणे परवानगी देणाऱ्या महापालिकेचे काम होते. म्हणून जानेवारी २०१९ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज केला. अर्ज कसा लिहावा याबद्दल माझा अनुभव असा, की ‘टॉवर अधिकृत आहे का’ असा प्रश्न विचारला तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येण्याची शक्यता जास्त असते, कारण या कायद्याखाली अभिलेख मिळतो, मत मिळत नाही. त्यामुळे मी प्रश्न विचारलाच नाही. त्या पत्त्यावरील टॉवरच्या परवानगीची संपूर्ण फाइल, तिच्यातली संमतिपत्रे, संरचनात्मक स्थैर्याचा दाखला, केंद्राच्या रेडिओ फ्रीक्वेन्सी वाटपाच्या स्थायी सल्लागार समितीकडील मंजुरी किंवा अर्जाची नोंद, जागेचा नकाशा आणि कार्यालयीन टिपणी यांच्या प्रती मागितल्या, आणि फाइलची पाहणी करू द्यावी असेही लिहिले. तीस दिवसांत काही आले नाही. प्रथम अपील केले. अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन आला की येऊन फाइल पाहा.

फाइल पातळ होती. प्रभाग कार्यालयातल्या एका टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मी ती पानापानाने वाचली. सोळा घरांचे ७० टक्के म्हणजे ११.२, तेव्हा बारा सह्या लागत होत्या, आणि बरोबर बाराच होत्या. वरच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तिघांच्या स्वतंत्र संमत्या होत्या. चौथे घर कुलूपबंद, मालक परगावी, आणि त्याच्या नावापुढची जागा कोरी. स्थैर्याचा दाखला होता, पण १९८७ मध्ये बांधलेल्या इमारतीची जागेवर कोणती चाचणी केली याचा त्यात उल्लेख नव्हता; ‘नकाशे पाहून’ एवढेच शब्द होते. मात्र या सगळ्यापेक्षा मला थांबवले ते जागेच्या नकाशाने. त्यात समोरची सोसायटी लाल रेषेत दाखवली होती, खांबांच्या जागी तीन ठिपके होते, पश्चिमेला रस्ता होता आणि पूर्वेला, जिथे आमची इमारत आहे, तिथे बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘मोकळी जागा’. आमची इमारत २००३ ची. नकाशा त्याआधीच्या जुन्या अभिन्यासावरून उतरवून घेतलेला होता, आणि परवानगी देताना त्यातली पूर्व दिशा प्रत्यक्ष जाऊन कोणी पाहिली नव्हती. मोकळ्या जागेपासून ३५ मीटर अंतर मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

त्या पानाची प्रत दोन रुपयांना मिळाली. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला तो सर्वांत मोलाचा कागद होता, आणि जे कोणी या वाटेने जातील त्यांनी संमतिपत्रांआधी जागेचा नकाशा मागावा, असे मी आवर्जून सांगेन.

मार्चमध्ये मी नगररचना विभागाला तक्रार दिली. ती दीड पानाची होती आणि तिच्यात चारच मुद्दे होते: अपुरी संमती, चाचणीविना दाखला, चुकीचा नकाशा आणि २३ मीटर अंतर. सोबत ‘तरंग संचार’चा अहवालही मीच जोडला, जरी तो माझ्या बाजूचा नव्हता, तो लपवला असता तर पहिल्याच सुनावणीत माझा शब्द पोकळ ठरला असता. पुढचे तीन महिने पोच घेणे, आवक क्रमांक टिपून ठेवणे, दर पंधरवड्याला फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारणे यात गेले. या दिवसांबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही.

जूनच्या शेवटी सुनावणी झाली. कंपनीचे म्हणणे होते की अंतराचा तक्ता ही केवळ सूचना आहे, बंधनकारक मर्यादा उत्सर्जनाची आहे आणि ती पाळलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यांची बाजू कमकुवत नव्हती, आणि अधिकाऱ्यांनीही मला तसे स्पष्ट सांगितले. पण नकाशा चुकीचा असल्याचे कोणालाच नाकारता आले नाही, आणि चौथ्या घराची संमती नसल्याचेही. कंपनीला त्रुटींची पूर्तता करण्याचे पत्र गेले: सुधारित नकाशा, प्रत्यक्ष चाचणीसह स्थैर्याचा नवा दाखला, राहिलेली संमती, आणि गच्चीवर कुंपण, कुलूप व धोक्याचा फलक. यातला शेवटचा मुद्दा माझ्या तक्रारीत नव्हता. जागेच्या पाहणीत अधिकाऱ्यांना दिसले की पेट्यांच्या समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे. खाली आजींच्या खोलीत ०.०३ असले तरी पेटीच्या तोंडाशी उभे राहणे ही निराळी गोष्ट. आम्ही सगळे खिडक्या मोजत असताना त्या दोरीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, माझेही नाही.

सुधारित नकाशा काढताना कंपनीचा तोच तरुण अभियंता पुन्हा आमच्या घरी आला. या वेळी तो आपणहून आला होता. त्याने सुचवले की खांब तीन मीटरने उंच केले तर २३ मीटरवर आमची खिडकी झोताच्या मध्यापासून सुमारे सात अंश खाली येईल आणि उभ्या दिशेतल्या अरुंद झोतातून जवळजवळ सुटेल. पण मग आमच्या इमारतीची गच्ची त्या झोतात येते, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. संध्याकाळी तिथे मुले खेळतात. म्हणून उंचीबरोबर दिशाही बदलायची ठरली. आमच्या बाजूच्या पेट्या चौकाकडे सुमारे चाळीस अंश वळवायच्या, आणि त्या दिशेला काय आहे ते आम्ही दोघांनी पायी जाऊन पाहिले. चौक, पलीकडे बैठी घरे, आणि बऱ्याच अंतरापर्यंत त्या उंचीची एकही इमारत नाही. झोत त्या घरांच्या बराच वरून जातो. माझ्या खिडकीसमोरून काढलेली गोष्ट दुसऱ्या कोणाच्या खिडकीसमोर नेऊन ठेवायची नव्हती.

काम ऑक्टोबरमध्ये झाले. चौथ्या घराच्या मालकांनी परगावाहून येऊन संमती दिली. त्यांना भाड्यातून होणारी दुरुस्ती हवीच होती, त्यांना आधी कोणी विचारले नव्हते इतकेच. दुसऱ्या मोजणीचे शुल्क आमच्या सोसायटीने भरले. खिडकीत ०.०४ आणि आमच्या गच्चीवर ०.१२ अशा बेरजा आल्या. टॉवर आजही तिथेच आहे. समोरचा स्लॅब पुढच्या पावसाळ्यात गळला नाही आणि गल्लीत फोनही लागतो.

आज मात्र हीच वाट तशीच चालता येईल असे नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गाधिकाराच्या, म्हणजे दूरसंचाराच्या तारा, खांब व टॉवर उभारण्याच्या हक्काच्या, नियमांत दुरुस्ती करून खासगी मालमत्तेवर अशी साधने उभारण्यासाठी स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीची गरज काढून टाकली. खासगी इमारतीवर टॉवर किंवा खांब बसवायचा तर काम सुरू होण्याआधी लेखी माहिती आणि संरचना अभियंत्याचा दाखला द्यावा, एवढे शिल्लक राहिले. १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार अधिनियम, २०२३ खालचे नवे मार्गाधिकार नियम लागू झाले आहेत. जाळे लवकर पसरावे हा यामागचा उद्देश मी समजू शकतो. पण २०१४ च्या नियमावलीत निदान टॉवरखालच्या घराला विचारले जात होते. समोरच्या घराला तेव्हाही विचारले जात नव्हते आणि आताही नाही. मला हवी आहे ती साधी गोष्ट आहे: टॉवरची माहिती देताना त्या उंचीला येणाऱ्या, थेट समोरच्या इमारती जागेवर जाऊन नकाशात दाखवल्याच पाहिजेत आणि त्या इमारतींना काम सुरू होण्यापूर्वी सूचना गेली पाहिजे. त्यांची संमती लागावी असेही मी म्हणत नाही. सूचना मिळाली असती तर चाळीस अंशांचा फेरबदल खांब उभे राहण्याआधीच्या आठवड्यात झाला असता, आणि आजींना अडीच महिने बैठकीच्या खोलीत झोपावे लागले नसते.

सुधारित नकाशाची प्रत मी मागून घेतली आहे. त्यात पूर्वेला एक नवा चौकोन आहे, त्यावर ‘निवासी इमारत, तळ अधिक ५’ असे लिहिले आहे, आणि त्याच्यापासून खांबापर्यंत काढलेल्या बाणावर अंतर घातले आहे: २३ मीटर.